विकणारा, वापरणारा आणि गाव

राजपुरीच्या खाडीच्या एका तीरावर आगरदांडा, दुसऱ्या तीरावर दिघी. बोटीने पलीकडे जायला थोडाच वेळ लागतो. रस्त्याने जायचं तर सगळ्या खाडीला वळसा. रायगडचा किनारा असाच आहे. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्यांनी तो जागोजागी कापलाय, आणि जिथे खाडी नाही तिथे डोंगराची एखादी सोंड थेट पाण्यात उतरलेली. गावं या सोंडांच्या पोटात, माडा-पोफळींच्या खाली. त्यामुळे एका गावाला मोबाइलचा टॉवर समोर दिसतो आणि अर्ध्या कोसावरची वाडी त्याच टॉवरला डोंगराआड असते. अशा वाडीत रेंज मिळण्याच्या जागा ठरलेल्या असतात: देवळामागचा कातळ, धक्क्याचं टोक, कुणाच्या तरी माडीची पश्चिमेकडची खिडकी.

आता असं समजा, की एका खाडीच्या अलीकडच्या गावात फायबर पोचली आहे आणि पलीकडच्या काठावर साठेक उंबऱ्यांची वाडी आहे, तिथे ती पोचलेली नाही आणि इतक्यात पोचायचीही नाही. कंपनीचा हिशेब चुकलेला नसतो. साठ घरांच्या बिलातून खाडीला वळसा घालून ओढलेल्या केबलचा खर्च निघत नाही. घारापुरी तर मुंबईच्या डोळ्यांसमोर. तरी तिथल्या राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर या तीन वस्त्यांना कायमची वीज मिळायला २०१८ साल उजाडलं. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकावी लागली आणि ती महावितरणने टाकली. नफ्यातोट्याचं गणित मांडून बसलेल्या कुणी ती टाकली नसती.

वाडीतल्या पोरांना उपाय ठाऊक असतो. फायबरवाल्या गावात एका घरावर छोटी डिश, वाडीत एका घरावर दुसरी, दोघींची तोंडं समोरासमोर. पाच गिगाहर्ट्झच्या लहरींना उघड्या पाण्यावरून तीन-चार किलोमीटर जाणं जड नाही आणि सामान काही हजारांत येतं. अडचणी आहेत, पण त्या हाताने सोडवायच्या. तीन किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर, सरळ रेषेच्या चहूबाजूंनी साधारण सहा मीटर मोकळी जागा लागते. म्हणजे समोरचं छप्पर डोळ्यांना दिसलं की काम झालं असं नाही, डिश उंचावर हवी. लहरींचा काही भाग पाण्यावर आपटून वर उसळतो आणि सरळ आलेल्या लहरींना मारक ठरतो. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी बदलली की हा परिणामही बदलतो. सकाळी ओहोटीला झकास चाललेला दुवा दुपारच्या भरतीला मलूल पडतो, आणि मग डिश हातभर खालीवर करून पाहावी लागते. खाऱ्या हवेने जोडणीच्या पिना हिरव्या पडतात. वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला नाही, तर पावसाचं पाणी तिच्या अंगावरून ओघळत थेट डब्यात जातं. हे सगळं गावातल्या केबलवाल्याला, बोटीवर जीपीएस बसवून देणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

मग अडतं कुठे? एकेक पायरी घेऊन कायद्यालाच विचारू.

पहिली पायरी रेडिओची. १९३३ च्या कायद्याप्रमाणे बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागत असे. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. अटी घातल्या: यंत्राची शक्ती एक वॅटपर्यंत, अँटेनाचा जोर धरून चार वॅट, आणि अँटेना अधिकृत इमारतीच्या छपरापासून पाच मीटरच्या आत. (माडाच्या शेंड्याला डिश बांधू पाहणाऱ्यांनी नोंद घ्यावी, माडाला छप्पर नसतं.) ऑक्टोबर २०१८ मध्ये पाच गिगाहर्ट्झचे पट्टेही घराबाहेरच्या वापराला खुले झाले. तेव्हा मान्यताप्राप्त यंत्र घेतलं असेल तर आपल्या दोन्ही डिशा कायदेशीर.

दुसरी पायरी छपरांची आणि खांबांची. घरमालकाची संमती, ग्रामपंचायतीचा ठराव. गावात ते होऊन जातं.

तिसरी पायरी म्हणजे अलीकडच्या गावातली एक जोडणी साठ घरांनी वापरायची आणि महिन्याचं बिल वाटून घ्यायचं. इथे गाडी रुतते. १८८५ च्या तार कायद्याने तारेचं जाळं उभारण्याचा आणि चालवण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारचा ठरवला. इतरांनी तो परवान्याने मिळवायचा. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा झाला आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्याच्या तिसऱ्या कलमातही तीच चौकट आहे: सेवा द्यायची असेल तर सरकारचं अधिकारपत्र हवं, आणि जाळं उभारायचं, चालवायचं, सांभाळायचं किंवा वाढवायचं असेल तरी हवं. म्हणजे पैसे न घेता, शेजारधर्म म्हणून केलं तरी सुटका नाही. बेचाळिसाव्या कलमात विनाअधिकारपत्र जाळ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

साठ घरांच्या वाडीवर यासाठी कुणी धाड घालेल, असं मला वाटत नाही. पण कलम आपलं काम धाडीशिवायही करतं. ग्रामसेवक असा ठराव लिहायला धजावत नाही. मच्छीमार संस्थेचा लेखापरीक्षक असा खर्च मान्य करत नाही. बँक कर्ज देत नाही, शाळा उघडपणे जोडणी घेत नाही. मग हे काम एखाद्या हौशी पोराच्या खिशातून, कुणाला न सांगता चालतं, आणि तो पोरगा नोकरीला मुंबईला गेला की छपरावर नुसती डिश उरते.

म्हणजे विचित्र स्थिती अशी: लहर मोकळी आहे, वाटून घेणं बांधलेलं आहे. कायद्याच्या नजरेला इंटरनेटच्या व्यवहारात दोनच जण दिसतात, विकणारा आणि वापरणारा. विकणाऱ्याने परवाना घ्यावा, वापरणाऱ्याने बिल भरावं. आपल्यापुरतं, मिळून, नफ्याविना जाळं चालवणारं गाव या दोहोंत कुठेच बसत नाही. मला या सगळ्या विषयात सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते नीट पटण्यासाठी थोडं खारभूमीकडे जावं लागेल.

पेण-अलिबागच्या पट्ट्यात समुद्राला मागे सारून केलेली भातशेती आहे. उधाणाचं पाणी अडवायला मातीचा बाहेरकाठा, आतलं पावसाचं पाणी सोडायला उघाडी. बाहेरकाठा एखाद्याच्याच शेताला लागून असतो, पण त्याला खांड पडली की सगळ्या खाराचं भात जातं. म्हणून बांधाची राखण सामाईक होती. शेतकऱ्यांचा गट, त्याला जोळ म्हणत, बांधावर माणसं पाठवायचा आणि ज्याची जमीन जास्त त्याच्याकडून काम जास्त घ्यायचा. हे सत्ययुग होतं असं मुळीच नाही. खोतांचा जुलूम याच मुलखातला, आणि अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप उगीच चालवला नव्हता. पण बांधापुरतं एक शहाणपण त्या व्यवस्थेत होतं: ज्याचं शेत बुडणार, त्याला बांधाला हात लावायचा हक्क होता. पुढे १९४८ चा मुंबईचा खारजमीन कायदा आला, मग १९७९ चा महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा, आणि बांध सरकारी खात्याकडे गेले. हेतू चांगला होता. मोठे बांध गावाच्या पैशाने होण्यासारखे नव्हते. आता उधाणाने खांड पडली की शेतकरी अर्ज करतो, पाहणी होते, अंदाजपत्रक होतं, निविदा निघते. भरती तोवर थांबत नाही.

जाळ्याचा जीवही दुरुस्तीत असतो. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. टॉवर नुसता उभा राहून भागत नाही. त्याला वीज हवी, ती नसेल तर बॅटरी, ती संपली की डिझेल, आणि डिझेल आणायला झाडं न पडलेला रस्ता. फायबर जिथे विजेच्या खांबांवरून नेलेली असते तिथे ती खांबांबरोबरच जाते. टाळेबंदीचे दिवस, चाकरमानी मुंबईत अडकलेले, आणि गावातलं घर उभं आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, अशी गत झाली होती.

गावाचं स्वतःचं जाळं असतं तर ते टिकलं असतं का? नसतं. त्या वाऱ्यात डिशा पहिल्या उडाल्या असत्या, आणि मागची फायबरही मेलेली असती. पण एक डिश आणि एक राउटर मिळून दहा-पंधरा वॅट खातात. बोटीची बॅटरी आणि एक सौर पाटी एवढ्यावर ते चालू होतात. मागची फायबर जिथे जिवंत झाली, तिथून चार किलोमीटरवरच्या वाडीपर्यंत दुवा पुन्हा जोडायला गावातली दोन माणसं, एक शिडी आणि एक दुपार पुरते. कंपनीच्या यादीत साठ घरांची वाडी शेवटी येणार, हेही त्यांच्या हिशेबाने बरोबरच. वाडीच्या यादीत मात्र वाडी पहिली असते.

इथे सरकारची बाजू ऐकली पाहिजे, आणि ती रायगडच्या किनाऱ्यावर इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त ऐकली पाहिजे. १९९३ च्या मुंबई स्फोटांसाठीची हत्यारं आणि आरडीएक्स दिघी आणि शेखाडीला उतरलं होतं. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी पाठवलेला ईमेल सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्या घरच्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय कुलूपबंद ठेवण्याच्या आणि वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याच्या सूचना काढल्या. तेव्हा जाळ्यावर कोण होतं हे सांगता आलं पाहिजे, ही मागणी रास्तच आहे. पण साठ घरांच्या वाडीत हे सांगणं सोपं आहे. प्रत्येक घराला वेगळं नाव आणि पासवर्ड, नोंदी ठेवणारा एक छोटा संगणक, आणि त्याला जबाबदार असा एक नेमलेला माणूस. तिथे अनोळखी माणूस आला तर तो धक्क्यावर उतरतानाच सगळ्यांना दिसलेला असतो.

आजच्या नियमांत गावाला दोन वाटा आहेत. पहिली, स्वतः इंटरनेट कंपनी होण्याची. २०१३ च्या एकीकृत परवान्यात सर्वांत लहान, ‘क’ वर्गाच्या परवान्याचं प्रवेशशुल्क २० हजार रुपये होतं; ते एखादी मच्छीमार संस्था भरूही शकते. पण पुढे महसुलावर आठ टक्के लायसन्स फी, तिमाही विवरणपत्रं, लेखापरीक्षण, सुरक्षेच्या अटी. हे कागद राष्ट्रीय कंपनीचं विधी खातं डोळ्यासमोर ठेवून लिहिलेत. वर्षाकाठी लाख-दोन लाख गोळा करणाऱ्या वाडीने ते भरायचे, तर गोळा झालेल्यातला मोठा वाटा चार्टर्ड अकाउंटंटकडे जाईल.

दुसरी वाट डिसेंबर २०२० मध्ये उघडली, पीएम-वाणी. कुठलाही टपरीवाला, किराणा दुकानदार, ग्रामपंचायत सार्वजनिक डेटा कार्यालय, म्हणजे पीडीओ, होऊन वायफाय देऊ शकते. त्याला परवाना लागत नाही, फी नाही, नोंदणीही नाही. ग्राहकाची ओळख पटवणं आणि हिशेब ठेवणं हे वरच्या साखळीतल्या नोंदणीकृत संस्थेचं काम. १८८५ पासूनच्या चौकटीला पडलेलं हे पहिलं मोठं भोक, आणि ते पाडणाऱ्यांना श्रेय दिलं पाहिजे. पण २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय ठिकाणांचं लक्ष्य होतं, त्याच्या आसपासही देश गेला नाही. एक मोठं कारण असं, की टपरीवाल्याला आत आणायचं इंटरनेट घरगुती भावात मिळेना. कंपन्या त्याच्याकडून लीज्ड लाइनचे चढे दर मागत. शेवटी जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने आदेश काढला, की २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना पीडीओंना जास्तीत जास्त दुप्पट दराने द्याव्यात. हे चांगलं झालं. तरी वाणीच्या मनात चित्र आहे ते दुकानाचं आणि कूपन घेऊन तासभर बसणाऱ्या गिऱ्हाइकाचं. गाव इथे दुकानदार म्हणून आत येतं, गाव म्हणून नाही.

गाव म्हणून आत येण्याचा प्रयोग महाराष्ट्रातच, उत्तरेकडच्या किनारपट्टीच्या जिल्ह्यात झालेला आहे. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राम मार्ग’ नावाचा प्रकल्प उभा केला. त्यांचा मूळ मुद्दा मोठा मार्मिक होता. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा दूरचित्रवाणीचा पट्टा भारतात जवळजवळ ओस पडलेला आहे, कारण जमिनीवरून प्रक्षेपण करणारं एकटं दूरदर्शन. त्यांच्या अभ्यासात दिसलं, की या पट्ट्यातल्या १५ वाहिन्यांपैकी किमान १२ जवळपास सगळीकडे रिकाम्या असतात. या लहरी वायफायपेक्षा दूर जातात आणि झाडांना कमी जुमानतात. कोकणाला जणू मापून शिवलेल्या. पालघर जिल्ह्यातल्या खामलोली परिसरात त्यांनी प्रायोगिक परवान्यावर हे जाळं चालवून दाखवलं. पुढे २५ गावांत विस्तार करताना परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरला. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या कामाला सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं.

तंत्राइतकंच महत्त्वाचं होतं ते कारभाराचं रूप. सरकारी-खासगी भागीदारीत त्यांनी पंचायत हा आणखी एक भागीदार घातला: पंचायतीने सुरुवातीला पैसे घालायचे, गावातल्या तरुणाने जाळं सांभाळायचं, उत्पन्न दोघांत वाटायचं. पण ओस पडलेला पट्टा गावांना खुला झाला नाही. प्रयोगाचा परवाना हा प्रयोगापुरता असतो.

कायद्याला गाव दिसूच शकत नाही, असं म्हणावं तर बाकीचे कायदे साक्षीला आहेत. २००५ च्या महाराष्ट्राच्या सिंचन कायद्याने पाणी वापर संस्थेला मान्यता दिली: संस्थेने कालव्यावर पाणी मोजून एकगठ्ठा घ्यायचं आणि आत आपल्या सभासदांत आपल्या नियमांनी वाटायचं. खाडीपलीकडच्या वाडीला इंटरनेटचं नेमकं हेच करायचं आहे. २००३ च्या वीज कायद्याचं तेरावं कलम काढून पाहा. परवान्यातून सूट देता येईल अशांच्या यादीत पंचायत, वापरकर्त्यांची संघटना, सहकारी संस्था यांची नावं छापलेली आहेत. रेडिओच्या लहरींवर सरकारची पकड सगळ्यांत घट्ट; तिथेही १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला, आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांना १०० वॅटपर्यंतचं सामुदायिक केंद्र चालवायची मुभा मिळाली. म्हसवडचं माणदेशी तरंग त्यातूनच उभं राहिलं. पाणी, वीज, रेडिओ या तिन्ही ठिकाणी विकणारा आणि वापरणारा यांच्या मधली जागा आपण कायद्यात केली. ज्या राज्यात साखर, दूध, पाणी सहकारातून आलं, तिथे इंटरनेट तेवढं कंपनीनेच आणावं, याला कारण सुचत नाही.

बाहेर पाहायचं तर अर्जेंटिनाने २०१८ मध्ये पाच हजारांपर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी सामुदायिक जाळ्यांना वेगळी मान्यता दिली. केनियाने २०२१ मध्ये त्यांच्यासाठी परवान्याचा वेगळा वर्गच केला. स्पेनच्या कातालोनियात २००४ पासून वाढलेल्या ग्विफीच्या जाळ्यात ३० हजारांहून अधिक ठिकाणं जोडली गेली. त्याचा करार मोजक्या अटींचा आहे: माझ्या तारेवरून तुझी वाहतूक जाऊ द्यायची, तुझ्या तारेवरून माझी, आणि जोडून घ्यायला कुणालाही ना म्हणायचं नाही.

भारतात यासाठी संसदेत जायची गरजही नाही. २०२३ च्या ज्या तिसऱ्या कलमाने वाट अडवली आहे, त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात सार्वजनिक हितासाठी अधिकारपत्रातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. लहान लोकवस्ती, नफा न वाटणारी पंचायत किंवा सहकारी संस्था, परवानामुक्त पट्टे, ओळखीच्या नोंदी ठेवण्याची अट, आणि मागचं इंटरनेट परवानाधारकाकडूनच घेतलेलं, एवढं लिहिलेली एक अधिसूचना पुरेल. ती निघेपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी आणि मच्छीमार संस्थांनी पीडीओ व्हावं, कारण त्याला आजही कुणाची परवानगी लागत नाही. आणि पुढच्या ग्रामसभेत या सुटीची मागणी करणारा ठराव घेऊन तो दूरसंचार विभागाला पाठवावा. ठरावात खाडीचं, वाडीचं नाव आणि उंबऱ्यांचा आकडा जरूर लिहावा.